कोणसर

आमच्या शाळेचे शिपाईमामा एका शब्दात निरोप देतात. वर्गाच्या दारात उभं राहायचं, कडी वाजवायची आणि म्हणायचं, "बोलावलंय." एवढ्यावर आम्ही बाकीचे शिक्षक खडू खाली ठेवतो आणि मोठ्या सरांच्या खोलीकडे चालू लागतो. इंग्रजीचे सर तसे हलत नाहीत. खडू हातातच धरून ते विचारतात, "कोणी?"

"मोठ्या सरांनी."

"कोणाला?"

"तुम्हालाच की."

"कधी?"

"आत्ता."

"मग हे सगळं एका वाक्यात सांगा."

मामा भिंतीला हात टेकून, पाढे म्हणावेत तसं म्हणतात, "मोठ्या सरांनी तुम्हाला आत्ता त्यांच्या खोलीत बोलावलंय."

"'त्यांच्या' नको, 'आपल्या' म्हणा," असं सांगून सर निघतात. तोवर मोठ्या सरांचं काम आणि पुष्कळदा तासही संपलेला असतो.

पोरांनी त्यांचं नाव 'कोणसर' ठेवलं आहे. वेळापत्रकावर त्यांचं खरं नाव आद्याक्षरांसकट आहे, पण ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक. पालकसभेत एखादी नवी आई विचारते, "इंग्रजीला कोण सर आहेत?" आणि पोरगं म्हणतं, "हो." आई पुन्हा विचारते, पोरगं पुन्हा हो म्हणतं, आणि तिसऱ्यांदा बहुधा चापट बसते.

सरांच्या टेबलाच्या खणात दोनशे पानी एक लाँगबुक आहे. वर लाल शाईत लिहिलंय, 'बेवारस'. कुठल्या प्रश्नपत्रिकेत मालक नसलेलं सर्वनाम किंवा कर्ता पळून गेलेलं वाक्य सापडलं, की सर त्याचा पंचनामा करून ते या वहीत दाखल करतात. मी मराठी शिकवते, त्यामुळे ही वही मला वाचायला मिळते. दुसऱ्या कोणाला ती वाचायचीही नसते. शेजारच्या शाळेच्या पेपरातलं एक वाक्य तिच्यात आहे, 'वॉकिंग थ्रू द फील्ड, अ स्नेक वॉज सीन.' त्यापुढे सरांनी सापाचं चित्र काढलंय, त्याला चार पाय आणि चारी पायांत वहाणा. दुसरं आहे, 'आफ्टर ड्रिंकिंग टी, द बस लेफ्ट.' समासात शेरा : 'चहा ड्रायव्हर पितो. एसटी डिझेल पिते.'

हे विनोदासाठी लिहिलेलं नाही. सर ही वही वाचताना हसत नाहीत. एखादा डॉक्टर जुने एक्सरे पाहतो तशी ते ती पाहतात.

या आजाराचं मूळ त्यांच्या नववीत आहे. सहामाहीच्या पेपरात एक वाक्य आलं होतं आणि ते 'डायरेक्ट'मध्ये लिहायचं होतं : 'राम टोल्ड श्याम दॅट ही हॅड लॉस्ट हिज बुक.' सरांनी लिहिलं, राम श्यामला म्हणाला, 'तू माझं पुस्तक हरवलंस.' त्यांच्या घरी तेव्हा खरोखरच धाकट्या भावाने त्यांचं पुस्तक हरवलेलं होतं, त्यामुळे वाक्य वाचताक्षणी त्यांना तेच सुचलं. मास्तरांनी फुली मारली. उत्तर हवं होतं, 'मी तुझं पुस्तक हरवलं.' दोन गुण गेले आणि त्या दोन गुणांनी पहिला नंबर गेला. पहिला आला तो, सर अजून सांगतात, स्वतःची पुस्तकं जपून ठेवणारा मुलगा होता.

दर वर्षी नववीला सर हे वाक्य फळ्यावर लिहितात आणि खाली चौकट आखतात. मी तुझं पुस्तक हरवलं. तू माझं पुस्तक हरवलंस. मी माझं हरवलं. तू तुझं हरवलंस. ही चारही वाक्यं 'इनडायरेक्ट'च्या चरकात घातली की खालून एकच रस निघतो, ही हॅड लॉस्ट हिज बुक. आता हा रस ग्लासात घेऊन पोराला विचारायचं की यातला ऊस कुठला ते सांग. "चार तर घरचे झाले," सर म्हणतात, "बाहेरचा एखादा गोविंद मध्ये घुसला तर नऊ." मागच्या बाकावरच्या एका पोराने खरंच नऊ मांडून दाखवले होते. तो गणितात नापास व्हायचा. सरांनी त्याला खडूची अख्खी पेटी बक्षीस दिली.

यावर मी एकदा मराठीची बाजू घेतली. म्हटलं, आमच्याकडे ही भानगडच नाही. राम श्यामला म्हणाला की मी तुझं पुस्तक हरवलं. 'की' टाकला तरी 'मी'चा 'तो' करावा लागत नाही. शिवाय आम्हाला 'आपला' आहे. रामने श्यामला आपली वही दिली, म्हणजे रामची. त्याची वही दिली, म्हणजे श्यामची, नाहीतर तुमच्या त्या गोविंदाची. इंग्रजीत दोन्हींना 'हिज'.

सरांनी चष्मा काढून पुसला. ही वाईट खूण.

"बाई, 'आपण आलात' यातला आपण कोण?"

"समोरचा."

"'आपण जाऊ या' यातला?"

"दोघं."

"'आपण नाही बुवा जाणार', हे कोण म्हणतंय?"

"एकटाच."

"म्हणजे तुमचा आपण एकटाही आहे, दुकटाही आहे आणि समोरचाही आहे. आणि तुम्ही माझ्या 'ही'ला नावं ठेवता!"

मी चहा मागवला. त्याच संध्याकाळी घरी पोचल्यावर मी शाळेच्या ग्रुपवर लिहिलं, 'आले.' सरांचं उत्तर आलं, 'कोण? तुम्ही, पाहुणे, की चहातलं?' तेव्हापासून मी 'मी घरी पोचले' असं पाच शब्दांत नसलं तरी तीन शब्दांत लिहिते.

मराठीतल्या कर्ता नसलेल्या वाक्यांवर मात्र त्यांचा जीव आहे, हे मला पुढे कळलं. उजाडलं. सांजावलं. मला मळमळतं. आमच्या व्याकरणात याला भावकर्तृक क्रियापद म्हणतात. मोरो केशव दामल्यांचं १९११चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' मी त्यांना वाचायला दिलं तेव्हा तो जाडजूड ग्रंथ ते मधल्या सुट्टीत डब्याशेजारी उघडून बसायचे. "बघा," म्हणाले, "तुमच्याकडे उजाडायला कोणी लागत नाही. साहेबाकडे ऊन पडो, पाऊस पडो, साडेपाच वाजो, खुर्ची रिकामी ठेवायची नाही असा नियम. कोणीच नसेल तर 'इट'ला आणून बसवतात. इट इज रेनिंग. हा इट पडत नाही, भिजत नाही, नुसता सही करून बसतो." त्यांचा रोख संचालक मंडळातल्या एका सदस्याकडे होता असं स्टाफरूमचं मत पडलं. सर इतक्या आडून कोणाला बोलत नाहीत. त्यांना बोलायचं असतं तर त्यांनी नाव घेतलं असतं.

वरून येणाऱ्या परिपत्रकांशी त्यांचं कायमचं वैर. 'माहिती तात्काळ संकलित करून सादर करण्यात यावी.' सर खाली पेन्सिलीने लिहितात, कोणी? 'दिरंगाई झाल्यास गांभीर्याने घेतले जाईल.' कोणी? आणि काय? मोठे सर ते खोडरबराने पुसून फायलीला लावतात. हे वेड आहे असं आम्हाला वाटायचं. पण माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलंय, ज्या वाक्याला कर्ता नसतो त्याचं काम शेवटी सगळ्यात नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं.

घरी काय होत असेल, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. सरांच्या घरी हळदीकुंकवाला गेले तेव्हा उत्तर मिळालं. वहिनी म्हणाल्या, "ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, ह्यांचं काही नाही." या वाक्यात तीन 'हे' होते. पहिला आणि दुसरा सर, तिसरे सासरे. जमलेल्या बायकांपैकी एकीलाही शंका आली नाही. मी आतल्या खोलीकडे पाहिलं. सर पेपर तपासत होते आणि ऐकत होते, पण 'कोण' म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी हे काढलं तर म्हणाले, "बाई, तिने एकदाच माझं नाव घेतलंय, लग्नात, उखाण्यात. संदर्भ तिथे दिलेला आहे. तिथून पुढचे सगळे 'हे' त्यालाच लागू."

पेपर तपासणं हा सरांचा वेगळाच प्रांत. 'माय पेन वॉज स्टोलन' याचा 'व्हॉइस' बदला, असा प्रश्न एकदा सरावसंचातून आयता आला होता. उत्तरसूचीत 'समवन स्टोल माय पेन' होतं. पेन चोरणारा वाक्यात नाही, तेव्हा पोरांनी आणायचा कुठून? कोणी 'थीफ' लिहिलं, कोणी 'पोलीस' लिहिलं, आणि एकाने शेजारी बसणाऱ्या मुलाचं नाव आडनावासकट लिहिलं. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले, वर लिहिलं, 'कर्ता दिल्याबद्दल अभिनंदन,' आणि त्या शेजाऱ्याचं दप्तर तपासलं. पेन निघालं.

पूर्वी आमच्याकडे पोरांची आणि इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. २००० सालापासून ती पहिलीतच पडते. म्हणजे फसवणारा प्रश्नही चार वर्षं आधी भेटतो. म्हणून सरांनी ठरवलं की शाळेचे सगळे इंग्रजी व्याकरणाचे पेपर आपणच काढायचे, आणि त्यांत एकही सर्वनाम मोकाट सुटता कामा नये.

उपाय सोपा होता. वाक्यात दोन मुलगे घेतले की 'ही' कोणता, हा घोळ. दोन मुली घेतल्या की 'शी'चा घोळ. मग एक मुलगा आणि एक मुलगी घ्यायची. 'रमेश टोल्ड सीमा दॅट शी हॅड लॉस्ट हिज बुक.' काय बिशाद आहे कोणाची चुकायची! हरवलं सीमानं, पुस्तक रमेशचं. सरांना हे साधं सत्य वयाच्या चोपन्नाव्या वर्षी सापडलं आणि त्यांनी त्या वर्षी दुसरं काही वापरलंच नाही. पहिल्या घटक चाचणीत रमेशने सीमाला पुस्तक दिलं. सहामाहीत सीमा रमेशबरोबर बाजारात गेली. दुसऱ्या घटक चाचणीत दोघं पावसात सापडले आणि तिने त्याला आपली छत्री दिली. वार्षिक परीक्षेत रमेश स्टेशनवर सीमाची वाट पाहत होता आणि गाडी सुटली होती.

निकालानंतर चार पालक मोठ्या सरांकडे आले. चारही पेपर त्यांनी टाचणीने एकत्र जोडून आणले होते. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मोठ्या सरांनी पेपर सलग वाचले. मग त्यांनी मामांना पाठवलं, आणि मामांनी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता पूर्ण वाक्य म्हटलं.

सरांनी पालकांपुढे फळ्यावर चौकट आखली. चार अर्थ सांगितले, नऊ सांगितले. एक पालक मान डोलावत होते, पण ते मंडपवाले होते, त्यांना नऊ म्हणजे खांब वाटले असावेत. शेवटी एक आजोबा उठले आणि म्हणाले, "मास्तर, ते तुमचं व्याकरण ऱ्हाऊ द्या. पोरीची गाडी का चुकवली?" सरांकडे याचं उत्तर नव्हतं. मला वाटतं त्यांना पहिल्यांदाच असा प्रश्न आला होता ज्यात कर्ता स्पष्ट होता आणि तो तेच होते.

पुढच्या वर्षी रमेश आणि सीमा पेपरात आले नाहीत. त्यांच्या जागी एक शेतकरी आणि म्हैस आली. 'ही' शेतकरी, 'इट' म्हैस, गोंधळाला वाव नाही. पण म्हैस बोलत नसल्यामुळे 'डायरेक्ट-इनडायरेक्ट'चा प्रश्न शेतकऱ्यावर एकट्यावर पडला आणि वर्षभर तो म्हशीला काही ना काही सांगत राहिला. सातवीतल्या एका मुलीने पेपराच्या शेवटी लिहिलं, 'सर, याला घरी कोणी नाही का?' ते वाक्य सरांनी 'बेवारस' वहीत उतरवून घेतलं. त्यात व्याकरणाची चूक नव्हती, तरीही.

यंदाची सहामाही गेल्या आठवड्यात झाली. पेपर छपाईला जाण्याआधी सरांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि वाचून होईपर्यंत उभे राहिले. प्रश्न तिसरा, अ : 'ग्रँडमदर टोल्ड ग्रँडफादर दॅट ही हॅड लॉस्ट हर स्पेक्टॅकल्स.' ब मध्ये दोघं बाजारात जातात. क मध्ये ते वाद घालतात. चष्मा आजीचा आहे आणि आजोबांनी हरवलाय, हे दोनशे चौदा पोरांपैकी दोनशे चौदा जणांना कळलं. पालकांपैकी अजून कोणी आलेलं नाही.