सीडीवर लेबल चिकटवण्याची कला : ऑकलंडकर नवशिक्यांसाठी

गाणी काय, कुणीही भरतं. खरा कलावंत लेबलात दिसतो. तेव्हा सुरुवात तिथूनच करा. आत काय भरायचं ते नंतर बघू.

१. बॉलपेनला हात लावू नका. सीडीतली गाणी खालच्या चकचकीत बाजूला असतात असं वाटतं, पण ती असतात वरच, लाखेच्या पातळ थराखाली. 'नाट्यगीते' असं जोर देऊन लिहिलंत, तर एखादं पद खरवडून निघेल.

२. लेबल मराठीतच हवं. त्यासाठी पुण्याच्या भाच्याकडून आलेला जुना शिवाजी फॉन्ट वापरा आणि फाइल छापायला मित्राकडे पाठवा. त्याच्याकडे तो फॉन्ट नसेल, तर 'गणेशोत्सव'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उमटेल. वाईट वाटून घेऊ नका. इथे वाढलेल्या मुलांना दोन्ही सारखंच वाचता येतं.

३. आता चिकटवा. सीडी १२० मिलिमीटरची, मधलं भोक १५चं. लेबल जरासं सरकलं की तोल बिघडतो आणि फिरताना सीडी अंगात आल्यासारखी घुमते. फुगा राहिलाय? लेबल सोलून परत लावा. कागदाबरोबर चंदेरी थरही निघून येईल आणि सीडीतून आरपार रांगितोतो दिसेल. देखावा सुंदर असतो.

४. गाडीत लावून बघा. गाडी जपानहून आलेली, सेकंडहँड असणार. आपल्या सगळ्यांची तशीच. तिचा रेडिओ ९० मेगाहर्ट्झला थांबतो आणि इथली बहुतेक एफएम केंद्रं त्याच्या पुढे सुरू होतात, म्हणून सीडीचाच आधार. जानेवारीच्या उन्हात गोंद सैल पडतो, लेबलाची कड उचलते आणि फटीतून आत गेलेली सीडी आतच राहते. प्लेअर त्याबद्दल जपानीत काहीतरी सांगेल. मान डोलवा.

५. कायद्याची भीती बाळगू नका. इथल्या कॉपीराइट कायद्यातल्या २००८च्या दुरुस्तीनं, स्वतः विकत घेतलेल्या गाण्यांची घरच्यापुरती नक्कल करायला मुभा दिली आहे. मंडळात वाटायच्या शंभर सीड्यांवर 'घरगुती वापरासाठी' असं ठळक छापा. मंडळ म्हणजे एक कुटुंबच, असं अध्यक्ष दरवर्षी म्हणतातच.

६. कडेनं गोलाकार कार्यकारिणीची नावं घाला. सगळी. खजिनदारांचं सुटलं तर पुढच्या वर्षी हॉलचं भाडं तुम्ही भराल. जागा अपुरी पडली तर गणपतीचा फोटो लहान करा.