वीजहद्दबाईंना अनावृत पत्र

श्रीमती वीजहद्दबाई,
मुक्काम मुंबई, नेमका पत्ता कुणालाच ठाऊक नाही.

सा. न. वि. वि.

आपली भेट होण्याचा योग नाही, म्हणून हे पत्र. तुम्हाला भिंत नाही, कुंपण नाही, टोलनाका नाही. विक्रोळीहून सुटलेली लोकल भांडुपला पोहोचेपर्यंत तुम्ही तिच्या खालून निघून जाता आणि डब्यातल्या एकालाही पत्ता लागत नाही. अलीकडे आणि पलीकडे महापालिका तीच, नळाचं पाणी तेच. बेस्टची बससुद्धा मुलुंडपर्यंत बिनदिक्कत जाते. अडते ती फक्त वीज. तुम्हाला ओलांडलं की त्याच पंख्याच्या त्याच वाऱ्याचा भाव बदलतो. इतकं सामर्थ्य या शहरात दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही, म्हणून आधी कोपरापासून नमस्कार.

तुमचं घराणं जुनं आहे. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतचं शहर १९०५ च्या वीज आणि ट्राम कंपनीकडे होतं. १९४७ मध्ये तो संसार महापालिकेकडे आला आणि पुढे बेस्ट म्हणून नांदला. उपनगरांसाठी १९२९ मध्ये वेगळी कंपनी निघाली. ती बीएसईएस म्हणून वाढली, रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदानींच्या घरी आली. खोपोलीला १९१५ मध्ये पाण्यावर वीज करणारे टाटा आधी घाऊक विकत होते, मग किरकोळीतही उतरले. भांडुप-मुलुंड उरलं ते राज्य मंडळाकडे, म्हणजे २००५ नंतर महावितरणकडे. एका महापालिकेत चार दुकानं! ट्राम १९६४ मध्ये मोडीत निघाली, मालकांच्या पाट्या बदलल्या, तुम्ही मात्र जिथल्या तिथे. तुमची आखणी कुणी विचारपूर्वक केली असं म्हणायला फारसा आधार सापडत नाही. उरलात, म्हणून आहात.

तुमचा खरा पराक्रम भाऊबीजेला दिसतो. मुलुंडचा भाऊ विक्रोळीच्या बहिणीकडे जातो, ओवाळणी होते, आणि फराळाची ताटं उचलली की टेबलावर दोन बिलं शेजारी शेजारी येतात. घरं सारखी, फ्रिज त्याच मापाचा, माणसं चार-चार. भाऊ चष्मा चढवून वाचतो. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटला वीज आकार ४ रुपये ७१ पैसे आणि वहन आकार १ रुपया १७ पैसे, मिळून ५ रुपये ८८ पैसे. एकशेएकावं युनिट लागलं की तेच ११ रुपये ४६ पैसे. म्हणजे महिन्याला ३०० युनिट जाळणाऱ्या घराचे २,८८० रुपये एवढ्यातच झाले. स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावरचं १६ टक्के वीज शुल्क अजून बाकीच आहे. बहिणीचं बिल तेवढ्याच वापराला कमी. भाऊ म्हणतो, ‘ताई, तुझ्याकडे वीज वेगळी येते का गं?’ ताई म्हणते, ‘वीज तीच रे, पण तू पलीकडे घर घेतलंस.’

दोन बिलांची तुलना करणं हा तुम्ही लावून दिलेला आणखी एक खेळ. कुणाचा वीज आकार स्वस्त तर वहन आकार तगडा, कुणाचं उलट. त्यात इंधन समायोजन महिन्यागणिक डोकं वर काढतं. जाहिरातीतला ‘प्रति युनिट’ दर हातात घेऊन बसलेला माणूस शेवटी फसतोच. जाणते लोक सोपं करतात: थकबाकी वजा करायची, उरलेल्या एकूण रकमेला युनिटने भागायचं आणि येणाऱ्या आकड्याकडे बघून मुकाट्याने पंखा एकने कमी करायचा.

आता तुम्ही म्हणाल, ‘पर्याय दिलाय की!’ दिलाय, नाही कसं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांना उपनगरातल्या घरगुती ग्राहकांना वीज विकायला मोकळीक दिली आणि २००९ पासून चेंजओव्हर सुरू झाला. तारा एकाच्या, वीज दुसऱ्याची. मीटरमध्ये शिरणाऱ्या विजेला आपण कुणाच्या आहोत याची गंधवार्ता नसते, बिलाला मात्र असते. कंपनी सोडून जाणाऱ्याने तारांचं भाडं जुन्या मालकाला द्यायचं, वर क्रॉस सबसिडी अधिभारही, म्हणजे मागे राहिलेल्यांच्या सवलतीतला आपला वाटाही, भरायचा. सासर सोडलं तरी सासूचा महिना चालूच! शिवाय आज स्वस्त असलेली कंपनी पुढच्या दर आदेशात महाग होऊ शकते. मग उलटा अर्ज, उलटा प्रवास. तरी उपनगरवाले नशीबवान. शहरात बेस्ट ही स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणून तिच्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती कायद्याने तिच्यावर नाही. तिथल्या ग्राहकांनी काही वर्षं विजेच्या बिलातून बसचा तोटाही भरला. लोकलने जाणाऱ्याने बसचं भाडं वीज जाळून द्यायचं, ही कल्पना तुमच्या सहवासातच सुचू शकते.

आणि भांडुप-मुलुंड? तिथे ना चेंज, ना ओव्हर.

बाई, भाव वेगळे असण्याला कारणं आहेत, हे आम्हाला कळतं. महावितरणला गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत तारा ओढायच्या आहेत, गळती सोसायची आहे, शेतीपंपांना स्वस्त वीज द्यायची आहे. सरकारचं अनुदान धरूनही उरणारा भार उद्योगांवर आणि शंभरापुढची युनिटं जाळणाऱ्या घरांवर येतो. शेतकऱ्यासाठी चार पैसे जास्त मोजायला मुलुंडकर कुरकुरणार नाही. त्याचा प्रश्न एवढाच आहे: मुंबईत हे पुण्य एकट्या भांडुप-मुलुंडलाच का? मराठवाड्यातल्या पंपासाठी मुलुंडच्या चाळीतला माणूस दरातून हातभार लावतो आणि मलबार हिलवरचा वातानुकूलित दिवाणखाना लावत नाही, कारण बेस्टच्या हद्दीत शेत नाही आणि पंपही नाही. ज्याच्या शेजारी शेत नाही त्याचा शेतकऱ्याशी संबंध नाही, हे अर्थशास्त्र तुम्ही कोणत्या विद्यापीठात शिकलात? भार ऐपतीप्रमाणे वाटला तर त्याला कर म्हणता येईल. पत्त्याप्रमाणे वाटला तर ती पिनकोडची सोडत झाली.

तुमच्या राज्यात समता आली नाही असं मात्र नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी पारेषणाचं जाळं कोलमडलं आणि मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, सिग्नल विझले. त्या काही तासांत कुणाचं बिल कुणाहून जास्त नव्हतं. समान दरासाठी इतकी मोठी किंमत दर वेळी परवडणार नाही, म्हणून काही नम्र विनंत्या.

पहिली: तुम्ही जिथून जाता तिथे रीतसर पाटी लावावी, ‘येथून पुढे युनिट महाग. कृपया टीव्ही बंद करूनच प्रवेश करावा.’ दुसरी: फ्लॅटच्या जाहिरातीत स्टेशनचं अंतर, वास्तू आणि बागेचं दृश्य असतं, तिथे ‘वीज कुणाची’ हा रकाना सक्तीचा करावा, कारण घराची किंमत एकदाच भरायची असते, वीज जन्मभर. तिसरी: वीज नियामक आयोगाचं कार्यालय कफ परेडच्या जागतिक व्यापार केंद्रात आहे, म्हणजे बेस्टच्या हद्दीत. मुलुंडचा दर ठरवायच्या आठवड्यात ते कार्यालय मुलुंडला हलवावं आणि बिल त्याच दराने यावं. चौथी, शेवटची: शेतकऱ्याचा भार वाटायचाच असेल तर तो चारही कंपन्यांच्या ग्राहकांत त्यांच्या वापराप्रमाणे वाटावा. त्यासाठी तुम्हाला पुसायची गरज नाही. हिशेबाच्या वेळी थोडं बाजूला उभं राहिलात तरी पुरे.

समान दराची मागणी निवडणुकीच्या हंगामात निघते आणि निकालानंतर तिची वीज जाते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून उत्तराची घाई नाही. बिलाची मुदत मात्र टळत नाही, तेव्हा ते आजच भरतो आहे.

कळावे,
तुमचाच, कारण दुसऱ्या कुणाचा होण्याची सोय नाही,
एक घरगुती ग्राहक