ग्रुप फुटला, वहिनी!

वहिनी, बिबडे नंतर उलटा, आधी इकडं या. पक्षीवाल्यांचा ग्रुप फुटला! भाऊ घरी काही बोलले नाहीत? अहो, पहिले ‘लेफ्ट’ तर तेच झाले.

झालं असं, आपल्या गल्लीतल्या एका पोरानं घुबडाचा फोटो टाकला. नाव नाही घेत, त्याच्या माउलीचे कान फार तिखट. खाली लिहिलं, ‘पद्मालयाला रानपिंगळा दिसला!’ मग काय, अंगठे, फुलं, हात जोडलेले. मी म्हटलं, अरे भो, त्याचं डोकं तर बघ. डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा आहे, म्हणजे हा आपला साधा पिंगळा, मागच्या चिंचेवर बसतो तोच. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. तर मला म्हणे, बाई, तुम्ही नेहमी मोडता घालता! तिथून जे पेटलं ते थेट नगरपालिकेच्या निवडणुकीवर गेलं. पिंगळा राहिला बाजूला.

आता सगळ्यांना नवीन जागा हवी. माझा पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, डिस्कॉर्ड घ्या, विषयवार खोल्या पाडता येतात. इथं आपल्या आबांना फोटो शोधून देता देता संध्याकाळ होते, ते खोल्या कुठं धुंडाळतील? वकीलसाहेबांना फेसबुक पाहिजे, कारण तिथं त्यांचे फोटो जगाला दिसतात. टेलिग्रामचं मात्र मला पटलं होतं. एका ग्रुपात दोन लाख माणसं मावतात, अर्थात आपल्याला तेवढी आणायची कुठून! पण उद्या नवीन आलेल्याला मागच्या सगळ्या गप्पा वाचता येतात आणि आपला नंबर लपवता येतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात नंबर सगळ्यांपुढं उघडा. सुनबाईला कुणीतरी रात्री अकराला ‘हाय’ पाठवलं, तेव्हापासून ती त्या ग्रुपात येतच नाही. बायका कमी का, म्हणून हे विचारतात! म्हणून कायले!

पण एरंडोलात टेलिग्राम उघडतं कोण? पोरं तिथं सिनेमे उतरवतात, बस. माणसं जिथं आहेत तिथंच बोलणार. गप्पा राहू द्या व्हॉट्सॲपवर, माझी ना नाही. माझं भांडण नोंदीचं आहे.

तुम्हाला त्या रानपिंगळ्याची गोष्ट माहीत नसेल. इंग्रजांच्या काळात, १८८४ साली, आपल्याच खानदेशात त्याचा शेवटचा खरा नमुना मिळाला. मग पक्षी जणू गडपच झाला. पुढं माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं सांगितलं, मला १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला. त्यावर भरवसा ठेवून लोक भलतीकडंच शोधत बसले. त्या बाबानं संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ती लबाडी पकडली, खोटी नोंद बाजूला काढली आणि खऱ्या जुन्या नोंदींमागं गेल्या. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा समोर बसलेला! ११३ वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार वेगळा व्हायचा होता.

आता सांगा, मी मोडता घालते का? तारीख नाही, जागा नाही, फोटो कुणाचा ते माहीत नाही, आणि म्हणे पद्मालयाला दिसला!

शिवाय या जागांचा भरवसा नाही हो. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, याहूचे ग्रुप २०२० मध्ये. तिथं लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं बरंचसं वाहून गेलं. म्हणून पाहिलेला पक्षी ई-बर्डवर टाकायचा. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेनं २००२ मध्ये सुरू केलेलं आहे, फुकट आहे. किती वाजता, कुठं, कोणते, किती, एवढं भरायचं. काही वेगळं टाकलंत तर तपासणारा माणूस विचारतो, पुरावा द्या. त्याच्यावर कुणी रुसत नाही, कारण तो आपल्या गल्लीतला नाही!

फक्त घरट्याची जागा कुठंच लिहायची नाही, ना ग्रुपवर, ना स्टेटसला. एकानं लिहिली की रविवारी दहा मोटारसायकली तिथं. मग पक्षी अंडी टाकून निघून जातो.

तर माझं ठरलंय. नवा ग्रुप व्हॉट्सॲपवरच, ॲडमिन दोघं, त्यातली एक बाई. सुप्रभात बंद, निवडणूक बंद, आणि दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकला की त्याच दिवशी बाहेर. भाऊंना सांगा, रुसवा सोडा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात, पंधरा मिनिटं बसलं तरी चालतं. तुमच्या शेवग्यावरचे बुलबुलही त्यात धरतात. तुम्ही पण मोजायला या, वहिनी. नंबर मी कुणाला देणार नाही.