इंजिन तेच, बोनेट नवे

घरच्या संगणकावरचा ब्राउझर बदलणे ही क्रांती आहे, हे मोटारींच्या कारखान्यांशेजारच्या महाळुंग्यात तरी कुणाला समजवावे लागू नये. फियाटचे १.३ लिटर डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये धावले, इंडिका व्हिस्टातही. आणि मालक आपलीच गाडी वेगळी म्हणून भांडत राहिले. क्रोमला कंटाळलात? एज घ्या. ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आहेतच. सगळ्यांच्या पोटात गूगलचेच क्रोमियम, त्यामुळे बंड करूनही सवय मोडत नाही. सरकारी ब्राउझर-स्पर्धेत २०२५ मध्ये पहिला आलेला स्वदेशी ‘उला’ही त्यावरच, आत्मनिर्भरतेची एवढी आयती सोय दुसरीकडे नाही. हट्टच असेल तर फायरफॉक्स. त्याचे इंजिन खरोखर स्वतःचे आहे. डिझेलचे पैसे तेवढे बहुतांशी गूगल भरते.