मिरचीचं नाव सांगा

बंगळुरूच्या कुठल्याही बऱ्या किराणा दुकानात तांदूळ मागितला की दुकानदार आधी विचारतो, कुठला? सोना मसूरी, राजमुडी, कोलम, आणि त्यातही नवा की जुना. आंबा घ्यायला गेलं की बदामी, रसपुरी, मलगोवा अशी नावं कानावर पडतात. केळ्यांत एलक्की वेगळी, पच्चबाळे वेगळी. कॉफीच्या पुडीत चिकोरी किती टक्के आहे, हे तर विचारण्याआधीच सांगतात. मिरचीपाशी आलं की हा सगळा चोखंदळपणा संपतो. पारदर्शक पिशवीवर ‘सुकी लाल मिरची’ एवढंच छापलेलं असतं. फार झालं तर ‘लांब’ किंवा ‘गोल’. कुठल्या गावची, कुठल्या वाणाची, यंदाची की गेल्या हंगामातली, याबद्दल एक अक्षर नाही.

ही तक्रार क्षुल्लक आहे असं मला सांगितलं जातं. मला ती क्षुल्लक वाटत नाही. मी घरी टेक्सासची चिली करते, आणि त्या पदार्थात मिरचीखेरीज फारसं काही नसतं.

मांसाचे तुकडे, सुक्या मिरच्या, जिरं, लसूण, कांदा, ओरेगॅनो, मीठ, पाणी. यादी इथेच संपते. 1977 साली टेक्सासच्या विधिमंडळाने हा आपल्या राज्याचा पदार्थ म्हणून जाहीर केला. त्याआधी कितीतरी वर्षं सॅन अँटोनियो शहराच्या चौकांत बायका रात्री कंदिलाच्या उजेडात तो विकत असत. 1930च्या दशकात आरोग्य खात्याचे नियम कडक झाले आणि त्यांच्या चुली उठल्या. आपल्या रश्श्यात वाटणाला कांदा-खोबऱ्याचा आधार असतो. इथे तसा आधार नाही. किलोभर मांसाला पन्नासेक ग्रॅम सुक्या मिरच्या भिजवून, वाटून घालायच्या. रस्सा दाट होतो तो त्यांच्याच गराने. म्हणजे मिरची चुकीची निघाली तर लपायला जागा नसते.

टेक्सासची माणसं याबाबत किती काटेकोर आहेत, हे टर्लिंग्वा नावाच्या ओसाड गावात दिसतं. 1967 साली तिथे चिलीचा पहिला सामना झाला. न्यूयॉर्कचे लेखक एच. ॲलन स्मिथ यांनी चिलीबद्दल आपल्याहून जास्त कुणालाच कळत नाही, असा लेख एका मासिकात लिहिला होता. त्यांच्यासमोर टेक्सासचे पत्रकार विक फाउलर उभे राहिले. सामना बरोबरीत सुटला, स्पर्धा मात्र चालू राहिली. तिचे नियम आजही स्पष्ट आहेत: चिलीत घेवडा नको, भात नको, मॅकरोनी नको. पदार्थाला बळेच फुगवणारं काहीही नको. काहींना हा हट्ट वाटतो. मला त्यात पदार्थाबद्दलचा आदर दिसतो.

म्हणूनच राजम्याचा आग्रह मला खुपतो. चिली केली आहे म्हटलं की पाहुणे पातेल्यात डोकावून विचारतात, राजमा कुठे आहे? इथल्या बहुतेक हॉटेलांत या नावाखाली टोमॅटोच्या रसात शिजलेला गोडसर राजमाच मिळतो, त्यामुळे पाहुण्यांना तेच खरं वाटतं. राजम्याशी माझं वैर नाही. त्याची वेगळी भाजी करावी, चिलीच्या शेजारी वाढावी. टेक्सासमध्येही घेवडा वेगळ्या भांड्यात वाढणारी घरं आहेत. पण तो पातेल्यात पडला की त्याचं पीठ रश्श्यात उतरतं, आणि मिरचीने जे काम करायचं ते घेवडा करायला लागतो.

आता मिरच्यांकडे वळू. टेक्सासात चिलीसाठी एकच मिरची वापरत नाहीत. अँचो ही वाळवलेली पोब्लानो मिरची, रुंद, काळपट, मनुकांसारख्या गोड वासाची. ग्वाहियो लालबुंद आणि थोडी आंबट. आर्बोल बारीक आणि जहाल. एकीकडून गर, दुसरीकडून रंग, तिसरीकडून तिखटपणा. प्रत्येकीचं काम ठरलेलं, आणि दुकानात प्रत्येकीचं नाव पिशवीवर छापलेलं. ह्यूस्टनच्या माझ्या भाचीने मला फोनवर सांगितलं, ‘मावशी, अँचो कशाला शोधतेस? तुझ्या राज्यात ब्याडगी पिकते ना?’ तिचं बरोबर होतं. ब्याडगी हे हावेरी जिल्ह्यातलं गाव. तिथली मिरची सुरकुतलेली, गडद लाल, रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातून काढलेला लाल अर्क खाद्यपदार्थांपासून लिपस्टिकपर्यंत जातो. आर्बोलच्या जागी गुंटूरची मिरची चालते. आणि चवीचा खोलपणा हवा असेल तर बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरची जवारी मिरची.

हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. कोल्हापूरकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी करतात तेव्हा नेमका हाच हिशेब मांडतात: रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झटक्याला लवंगी किंवा गुंटूर. माझ्या सासूबाई गडहिंग्लजच्या बाजारात मिरची घेताना ढिगात हात घालत, एक मिरची वाकवून बघत, देठाजवळ वास घेत आणि मग भाव विचारत. मिरची कडकडीत वाळली आहे का, तिला पाणी मारलं आहे का, हायब्रीडला संकेश्वरी म्हणून तर खपवत नाहीत ना, हे सगळं त्यांना हाताला कळायचं. मसाला डंकावर कांडून होईपर्यंत त्या जागेवरून हलत नसत. आज मला पिशवी फोडायची मुभा नाही, वास घेण्याची सोय नाही, आणि लेबलवर वाचण्यासारखं काही नाही.

विचारलं तर उत्तर मिळतं, ‘मॅडम, सगळी एकच आहे, तिखट आहे.’ हे उत्तर ब्याडगीपासून रस्त्याने एका दिवसात पोचता येतं अशा शहरात मिळतं. ब्याडगीच्या बाजार समितीत व्यापारी मिरचीच्या राशींवर डब्बी, कड्डी, आणि 2043, 5531 अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या वाणांचे वेगवेगळे भाव लावतात. डब्बी आखूड, फुगीर, रंगाला सर्वांत भारी. कड्डी सडपातळ आणि लांब. दोन्हींच्या भावात मोठा फरक पडतो. शेतकऱ्याकडून घेताना वाण पाहून किंमत ठरते, आणि मला विकताना वाण गायब होतो. 11 मार्च 2024 रोजी भाव एकाएकी कोसळले म्हणून संतापलेल्या शेतकऱ्यांनी ब्याडगीच्या बाजार समितीच्या कार्यालयाची मोडतोड केली, गाड्या जाळल्या. हिंसेचं समर्थन कुणी करू नये. पण ज्या मालाच्या भावावर इतक्या घरांचा वर्षाचा हिशेब चालतो, त्या मालाचं नावही शहरातल्या पिशवीवर येत नाही, हे मला अपमानास्पद वाटतं.

साठवणीची गोष्ट तशीच. हंगामात आलेली मिरची शीतगृहात ठेवतात आणि वर्षभर बाहेर काढतात. त्यात गैर काही नाही. नीट ठेवलेली मिरची टिकते. पण जुनी मिरची फिकी पडते, तिचा वास बसतो, आणि वाटल्यावर रस्सा लालऐवजी तपकिरी दिसतो. पाकिटावर भरल्याची तारीख असते, तोडल्याचा हंगाम नसतो. मला भरल्याच्या तारखेचा काय उपयोग?

पुडीची स्थिती आणखी वाईट. ‘काश्मिरी’ लिहिलेल्या पाकिटात काश्मीरची मिरची किती आणि ब्याडगी किती, हे ओळखायची ग्राहकाकडे काही सोय नाही. कायद्याने मिरचीपुडीत दोन टक्क्यांपर्यंत खाद्यतेल चालतं, फक्त ते लेबलवर सांगावं लागतं. तेलाने पूड चकाकते. 2003 साली भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान वन हा घातक रंग युरोपात सापडला होता. त्यानंतर निर्यातीच्या मालाच्या तपासण्या वाढल्या. परदेशी ग्राहकासाठी जेवढी चौकशी होते, तेवढीच घरच्या ग्राहकासाठी व्हावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. अमेरिकी पाककृतीत लिहिलेली ‘चिली पावडर’ तर मुळात वेगळीच वस्तू आहे. 1890च्या दशकात टेक्सासमध्ये विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने मिरचीत जिरं वगैरे मसाले मिसळून ती विकायला सुरुवात केली. त्या कृतीतले चार चमचे आपल्या पुडीचे घातले तर पातेलं फेकावं लागेल. पुस्तक छापणाऱ्यांनी ही एक ओळ लिहायला काय हरकत होती?

मांसाबद्दलही बोललं पाहिजे. टेक्सासची चिली गोमांसाची. कर्नाटकात 2020च्या कायद्याने गाय, बैल, वासरू यांच्या कत्तलीला बंदी आहे. तेरा वर्षांवरील म्हशीला सूट आहे. मी मटण वापरते, आणि ते उत्तम होतं. बन्नूरची ठेंगणी, भरलेली मेंढी या शहरात मिळते. तिच्या खांद्याचं मांस आणि थोडी चरबी चिलीला हवी तशीच असते. पण घरपोच ॲपवर ‘करी कट’ याशिवाय पर्याय शोधून काढावा लागतो, आणि बोनलेस मागवलं तर सुपारीएवढे तुकडे येतात. अंगठ्याच्या पेराएवढे, एकसारखे तुकडे हवेत, म्हणजे ते तीन तासांत मऊ होतात पण विरघळत नाहीत. शिवाजीनगरच्या बाजूला हाताने कापून देणारे खाटीक आहेत. त्यांना एकदा दाखवलं की ते बरोबर कापतात. म्हणूनच तिथपर्यंत जाणं परवडतं.

तीन तास म्हटल्यावर सल्ला येतो, कुकरला लाव, चार शिट्ट्या कर. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे. इथे पाणी साधारण 97 अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात मटण शिजायला मुंबईपेक्षा वेळ लागतो, हे खरं. पण कुकरमध्ये पाणी आटत नाही. चिलीत पाणी आटणं हाच मुख्य भाग आहे: मिरचीचा कच्चा वास जातो, चरबी सुटून वर येते, रस्सा मांसाला धरतो. घाई असेल त्या दिवशी दुसरं काही करावं.

ओरेगॅनोचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो, आणि तो सुटतो हे कुणी सांगत नाही. घरोघरी पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांचा ढीग असतो. त्यांतला वास केव्हाच उडालेला असतो. मेक्सिकोचं ओरेगॅनो तर त्या वनस्पतीच्या कुळातलंच नाही. पण इथे कितीतरी गच्च्यांवर कुंडीत दोड्डपत्रे वाढतं. मराठी घरांत त्याला पानओवा म्हणतात आणि त्याची भजी करतात. त्याच्या जाड पानात कार्वॅक्रॉल नावाचं तेच द्रव्य असतं जे ओरेगॅनोला वास देतं. दोन पानं बारीक चिरून शेवटच्या अर्ध्या तासात घातली की काम होतं. टोमॅटो घालायचाच तर एखादा, आणि तो नाटी, म्हणजे गावठी. फार्मचा टोमॅटो नुसतं पाणी सोडतो. जिरं अख्खं घ्यावं, तव्यावर भाजून त्याच वेळी कुटावं.

मिरच्यांचं काम सावकाश करावं. देठ आणि बिया काढाव्यात. तवा मंद ठेवून दोन्ही बाजूंनी जेमतेम वास सुटेपर्यंत भाजाव्यात. काळी पडलेली मिरची कडू होते आणि सगळ्या मजल्याला ठसका लागतो. मग त्या कढत पाण्यात अर्धा तास भिजवून, वाटून, गाळून घ्याव्यात. किलोभर मटणाला पन्नास ग्रॅम ब्याडगी डब्बी, दहा ग्रॅम संकेश्वरी, आणि झेपतील तेवढ्या पाच-सहा गुंटूर. ब्याडगी नवी असेल तर गाळलेलं वाटण विटकरी दिसतं आणि बोटाला रंग धरतं.

एवढं करून ताट वाढलं की एकच प्रश्न येतो: तिखट आहे का? रंग कसा आला, वास कशाचा येतोय, मागून जो गोडवा येतो तो कुठला, हे कुणी विचारत नाही. याचा दोष मी खाणाऱ्यांना देत नाही. वर्षानुवर्षं त्यांना मिरची एका मापात विकली: कमी तिखट, मध्यम, जास्त. आंब्याची अशी विक्री केली असती, कमी गोड आणि जास्त गोड, तर हापूस आणि पायरी आपण कधी ओळखल्याच नसत्या.

माझं मागणं साधं आहे. पाकिटावर तीन गोष्टी छापा: वाण, गाव, हंगाम. याला नवा कारखाना लागत नाही, शाईचा खर्चही नगण्य आहे. माहिती बाजार समितीच्या पावतीवर आधीच असते. ती पिशवीपर्यंत आणायची आहे. गोव्याच्या खोला मिरचीला 2019 मध्ये आणि हरमलच्या मिरचीला 2021 मध्ये मानांकन मिळालं, आमच्या भिवापूरलाही मिळालं. ही मानांकनं ग्राहकाच्या हातातल्या पाकिटावर दिसत नसतील, तर शेतकऱ्याला त्यांचा भाव मिळणार कसा? आणि कंपन्या छापेपर्यंत आपल्याला एक करता येईल. सुकी मिरची घेताना ‘कुठली?’ असं विचारायचं, आणि नाव सांगणाऱ्या दुकानातूनच घ्यायची. दहा ग्राहकांनी डब्बी मागितली की अकराव्याच्या वेळी दुकानदार डब्बी वेगळी ठेवू लागतो. तांदळाच्या बाबतीत असंच झालं होतं.