घरबसल्या निवाडा: नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

हवालदाराने गाडी अडवली, गाडीवाल्याचं माणूस दवाखान्यात होतं आणि बाजूच्या कुणीतरी मोबाइल वर धरला. एवढी सामग्री हाती आली की निवाड्याला बसता येतं. वकिलीची सनद लागत नाही. गाडी चालवता आली पाहिजे असंही नाही. उलट ज्यांनी कधी स्टिअरिंग धरलं नाही त्यांचे निवाडे जास्त ठाम उतरतात.

पहिला नियम: व्हिडिओ शेवटाकडून पाहावा. रुग्ण वाचला की गेला, ते आधी विचारून घ्यावं. गेला असेल तर पोलीस राक्षस. वाचला असेल तर पोलीस कर्तव्यदक्ष आणि गाडीवाला नाटकी. चौकात उभ्या असलेल्या माणसाला शेवट माहीत नसताना ठरवावं लागतं, हे खरं. पण तो चौकात उभा आहे आणि आपण सोफ्यावर बसलोय, हा काही आपला दोष नाही.

सरावासाठी अमेरिकेतलं एक जुनं प्रकरण घेऊ. १८ मार्च २००९, मध्यरात्र उलटून गेलेली. ह्यूस्टन टेक्सन्स या संघाकडून अमेरिकन फुटबॉल खेळणारा रायन मोट्स बायकोला, सासऱ्यांना आणि आणखी एका नातेवाईक बाईंना घेऊन टेक्ससमधल्या प्लेनो गावच्या रुग्णालयाकडे निघाला होता. पंचेचाळीस वर्षांच्या सासूबाई कर्करोगाने शेवटच्या घटका मोजत होत्या. गाडीचे धोक्याचे दिवे लुकलुकत होते. लाल सिग्नलपाशी त्याने वेग कमी केला, रस्ता मोकळा पाहिला आणि गाडी पुढे काढली. शेजारच्या डॅलस शहराचा पंचवीस वर्षांचा पोलीस मागे लागला. गाडी थांबली ती थेट रुग्णालयाच्या आवारात. पोलिसाने पिस्तूल काढलं. दोन्ही बायका त्याचा हुकूम धुडकावून आत धावल्या. मोट्स आणि सासरे मागे अडकले.

पुढची तेरा-एक मिनिटं विम्याच्या कागदात गेली. कागद सापडेना. पोलिसाने गाडी उचलून नेण्याची भीती घातली, तुरुंगाची घातली, मोट्सच्या वागण्या-बोलण्यावर व्याख्यानही दिलं. आत सासूबाई गेल्या. हे सगळं टिपलं ते पोलिसाच्याच गाडीतल्या कॅमेऱ्याने.

इथे नवशिका हमखास पिस्तुलापाशी थांबतो. थांबू दे, पण फार वेळ नको. रात्रीची वेळ, मागे पोलीस असताना पुढे जात राहिलेली गाडी, थांबल्याबरोबर दारं उघडून पळणारी माणसं, आणि घरोघरी बंदुका असलेला देश. पोलीस घाबरला असेल, असा बचाव निदान मांडता तरी येतो. मोट्स कृष्णवर्णीय नसता तर पिस्तूल निघालं असतं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. पण निवाड्याची खरी जागा थोडी पुढे आहे. रुग्णालयातली परिचारिका बाहेर आली. प्लेनोच्या स्थानिक पोलिसाने या पोलिसाला सांगितलं की बाई आता जाताहेत, जावयाला वर सोडता येईल का, असं ती विचारतेय. त्यावर उत्तर आलं, माझं होतच आलंय. आणि त्याने दंडाचा कागद पुरा केला.

परिचारिकेचा निरोप येण्याआधीच्या मिनिटांत हा पोलीस अंधारात होता. त्यानंतरच्या मिनिटांत नव्हता. गाडी समोर उभी, नंबर डोळ्यांपुढे, माणूस पळून जाऊन जाऊन जाणार तर जिना चढून वर. दंड उद्या पाठवला असता तरी सरकारचा एक डॉलर बुडत नव्हता. पण हा तुकडा कंटाळवाणा आहे, त्यात पिस्तूल नाही, तेव्हा पुढे पाठवताना बहुतेक जण तो कापतात.

निकाल लागला तो असा: पोलीसप्रमुख डेव्हिड कंकल यांनी जाहीर माफी मागितली, दंड रद्द झाला आणि १ एप्रिलला त्या पोलिसाने राजीनामा दिला. व्हिडिओ गाजल्यापासून जेमतेम आठवडा.

ज्यांना निवाड्यात कायदा घालायची हौस असेल त्यांनी जपून राहावं. त्याच टेक्ससमध्ये, लागो व्हिस्टा नावाच्या गावात, १९९७ मध्ये एका आईला सीटबेल्ट न लावल्याबद्दल बेड्या घालून कोठडीत नेलं. गाडीत तिची दोन लहान पोरं होती. गुन्ह्याची जास्तीत जास्त शिक्षा पन्नास डॉलर दंड. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: त्या पोलिसाला तारतम्य अजिबात नव्हतं, आणि तरीही त्याने राज्यघटना मोडली नाही. म्हणजे ‘नियमात बसतं का?’ एवढंच विचारलं तर पुष्कळ काही बसतं. पोलिसाची परीक्षा नियम संपतो तिथे सुरू होते, आणि त्या पेपराचं गाईड अजून बाजारात आलेलं नाही.

आता घरचा चौक. आपल्याकडे गाडीत रुग्ण असला की हॉर्न दाबून धरायचा, पार्किंग लाइट लावायचे आणि शेजारी बसलेल्याने खिडकीतून पांढरा रुमाल फडकवायचा, अशी रीत आहे. कायद्याला हा रुमाल दिसत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण धापा टाकणाऱ्या वडिलांना घेऊन निघालेली तुमची वॅगन आर म्हणजे रुग्णवाहिका नव्हे. मोठं नुकसान टाळायला केलेलं लहान नुकसान माफ होऊ शकतं, असं भारतीय न्याय संहितेचं एकोणिसावं कलम सांगतं खरं. पण ते कोर्टात उपयोगाचं. स्वारगेटच्या चौकात कलम नसतं. तिथे मामा असतात.

मामांची अडचण समजून घेतल्याशिवाय चांगला निवाडा जमत नाही, म्हणून हा भाग लांबला तर चालवून घ्यावं. ‘आई आयसीयूत आहे’ हे वाक्य त्यांनी सकाळपासून कितीदा ऐकलंय. विनाहेल्मेटवाल्याची आई, नो एंट्रीवाल्याची आई, ट्रिपल सीटवर चाललेल्या तिन्ही पोरांची मिळून एक आई. बायकोच्या कळा तर या शहरात बारा महिने सुरू असतात. खरी आई आयसीयूत असलेला माणूस ज्या क्षणी तेच वाक्य बोलतो, त्या क्षणी आधीच्या सगळ्या खोट्या आया त्याच्यापुढे रांगेत उभ्या असतात. पूर्वी खरा घाईतला माणूस लायसन मामांच्या हातात टेकवून ‘ठेवा, येतो परत’ म्हणत निघून जायचा. आता लायसन मोबाइलमध्ये असतं, आणि दवाखान्यात जाताना मोबाइल कोण ठेवून जाणार?

समजा मामांनी विश्वास ठेवला. ‘जा जा, सांभाळून जा.’ पावती नाही, चलन नाही. हा प्रसंग दुरून कसा दिसतो? गाडी अडली, काच खाली झाली, काहीतरी पुटपुटणं झालं, गाडी सुटली. आपल्या राज्यात या चित्राचा अर्थ लहान मूलही सांगेल: चिरीमिरी. माणुसकी आणि लाच यांचा मूकपट अगदी सारखा दिसतो. शिवाय त्याच गाडीने पुढच्या चौकात कुणाला ठोकलं, तर ‘सोडलंच कसं?’ म्हणून विचारायला आपण आहोतच. पावती फाडणाऱ्याला मात्र कुणी चौकशीला बोलवत नाही. मग ज्याला पेन्शनपर्यंत पोचायचंय त्याने काय करावं?

मधला मार्ग आहे, आणि तो ई-चलनाने सोपाही केलाय. नंबरप्लेटचा फोटो घ्यायचा, गाडी सोडायची, चलन मागाहून गेलं तरी हरकत नाही. दंडही राहिला, वेळही वाचला, चिरीमिरीचा संशयही गेला. असं करणारे हवालदार आहेत. त्यांचे व्हिडिओ सापडत नाहीत, कारण त्यात पाहण्यासारखं काही घडतच नाही.

कॅमेऱ्याने परस्पर चलन पाठवलं, तर निवाडा करायला समोर माणूसच उरत नाही. रागवायचं कुणावर, हा प्रश्न पडतो. खांबावरच्या कॅमेऱ्याला रुमाल दिसला तरी कळत नाही आणि आईचं नाव सांगितलं तरी ऐकू येत नाही. हवालदार पक्षपाती म्हणून आपणच हा कॅमेरा मागून घेतलाय. ॲपवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे, ती वापरावी.

घरचा अभ्यास: पुढील प्रसंगावर दोन ओळींत निकाल द्या. वीस सेकंदांची चित्रफीत. हवालदार गाडी अडवतो. गाडीवाला हात जोडून काहीतरी सांगतो. हवालदार मागच्या सीटवर नजर टाकतो, घड्याळ पाहतो आणि हाताने पुढे जाण्याची खूण करतो. पावती फाडलेली नाही. मागच्या सीटवर काय होतं ते चित्रफितीत दिसत नाही. निकाल लिहायला घेण्याआधी आवाज बंद आहे ना, ते पाहून घ्यावं.