गुडघ्याला बाशिंग

प्रति,
श्रीयुत अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट ऊर्फ एसीएल,
मुक्काम : नेमारचा डावा गुडघा
(सध्या आपण तिथे नसता, हे ठाऊक आहे. पत्र पुढे पाठवावे.)

सा. न. वि. वि.

तुमची लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवायचं, नडगी पुढे घसरू द्यायची नाही, गुडघा भलतीकडे पिळू द्यायचा नाही, एवढीच तुमची नोकरी. तीही तुम्हाला झेपली नाही. संपाचं म्हणाल, तर आम्ही गिरणगावातले, १९८२ चा पाहिलेला. पण नोटीस न देता, ऐन पाळीत, ४४ व्या मिनिटाला हत्यार खाली ठेवणारा कामगार आमच्याकडे एकही नव्हता. हा विक्रम तुमच्या नावावर. अभिनंदन!

आम्ही किती तयारी केली होती, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ऑगस्ट २०२३ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगचे गट पडले आणि मुंबई सिटीच्या गटात सौदीचा अल हिलाल आला. अल हिलालने नुकताच पॅरिसहून नेमार उचलला होता. म्हणजे फीत कापायला नाही, हात हलवायला नाही, कुणा बिल्डरच्या जाहिरातीत हसायलाही नाही, तर खऱ्या स्पर्धेत, गुणांसाठी, नेमार आमच्या पोरांविरुद्ध खेळणार. त्याच्या अंगावर कोण जाणार? राहुल भेके. मुंबईचा भेके! मुंबई सिटीचे त्या स्पर्धेतले घरचे सामने पुण्याला बालेवाडीत, पण हा एक नेरुळला, डी. वाय. पाटीलवर. तारीख ६ नोव्हेंबर, वसुबारसेच्या तीन दिवस आधी.

मग काय विचारता. कुपरेजवर रोव्हर्स कप पाहत मोठे झालेले आणि तो बंद पडल्यापासून फुटबॉलसाठी घराबाहेर न पडलेले म्हातारेसुद्धा, शिवडीला पनवेल लोकल किती वाजता लागते आणि परतीची शेवटची कधी, याची चौकशी करू लागले. आमच्या शेजारच्या पोराने फॅशन स्ट्रीटवर अर्धा तास घासाघीस करून निळी, दहा नंबरची जर्सी आणली. आईने ती धुवायला घेतली तर म्हणाला, रंग जाईल, सामन्यानंतर धू. आम्ही सगळे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलो होतो. तुम्ही नेमका गुडघाच काढून घेतलात.

तो बुधवार चांगला लक्षात आहे. १८ ऑक्टोबर, नवरात्राची चौथी माळ, रंग निळा. तिकडे माँटेव्हिडिओत अजून १७ तारखेची रात्र होती, इकडे पहाटे साडेपाचला सामना सुरू झाला. चाळीत नळाला पाणी यायची तीच वेळ, त्यामुळे एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात मोबाइल. महिन्याभरापूर्वीच बोलिव्हियाविरुद्ध दोन गोल मारून फिफाच्या हिशेबाने पेलेला मागे टाकणारा हा माणूस, ब्राझीलसाठी ७९ गोल नावावर असलेला, उरुग्वेच्या दे ला क्रूझशी चेंडूसाठी भिडताना पडला. डावा गुडघा धरून पडला.

आणि आमच्या गॅलरीतली पहिली प्रतिक्रिया काय होती, ती तुम्हाला कळायलाच हवी. पहिली प्रतिक्रिया होती : नाटक करतोय! २०१८ च्या रशियातल्या वर्ल्ड कपमध्ये तो इतका लोळला होता की तेव्हापासून त्याने पडावं आणि आपण हसावं, असा रिवाजच पडला होता. या वेळी मात्र तो लोळला नाही. चेहरा झाकून रडत स्ट्रेचरवरून गेला, तरी आमच्यातला एक जण म्हणत होता, बघ, सेकंड हाफला येईल. तेवढ्यात नळाचं पाणी गेलं. ब्राझील ०-२ हरला. संध्याकाळनंतर कधीतरी बातमी आली की तुम्ही फाटलात, आणि जाताना शेजारच्या मेनिस्कसलाही सोबत नेलंत.

शोक तर झालाच. पण कशाचा झाला, ते ऐका. नेमारचं कसं होणार, असं विचारणारा मला एक भेटला. तिकिटाचं कसं होणार, असं विचारणारा अख्खा नाका. कुणी म्हणालं, पैसे परत मागू या. कुणी म्हणालं, फसवणूक आहे ही, पोस्टरवर कोणाचा फोटो होता? एकाने लगेच तिकीट विकायला काढलं. एका शहाण्याने समाधानही शोधलं : बरं झालं, आता आपण गोल कमी खाऊ. तुमच्या आणि त्या शहाण्याच्या माहितीसाठी, २३ ऑक्टोबरला रियाधमध्ये नेमारशिवाय आम्ही सहा खाल्ले. मित्रोविचने एकट्याने तीन मारले.

सुतक मात्र फार लांबलं नाही. १९ तारखेला गहुंज्यात हार्दिक पंड्या स्वतःच्याच गोलंदाजीवर परत आलेला फटका पायाने अडवायला गेला आणि त्याचा घोटा मुरगळला. वर्ल्ड कप चालू होता हो, क्रिकेटचा. नाक्यावरचे गुडघेतज्ज्ञ एका रात्रीत घोटातज्ज्ञ झाले. क्रुशिएट हा शब्द जेमतेम तोंडात बसला होता, तोही वाया गेला.

तरी ६ नोव्हेंबरला आम्ही गेलो. तिकीट काढलेलं, टाकवत नाही. ज्याच्यासाठी काढलं त्याच्यावर चारच दिवसांपूर्वी बेलो होरिझोंतेत ब्राझीलच्या संघाचे डॉक्टर लास्मार यांनी शस्त्रक्रिया केली होती. इथे काय झालं, सांगतो. मेहताब सिंगला लाल कार्ड मिळालं, दहा जण उरले, आणि त्या दहा जणांनी आशियातल्या सगळ्यात श्रीमंत संघांपैकी एकाला असं काही झुंजवलं की दोनच गोल गेले. रियाधला सहा, इथे दोन. जर्सीवाला पोरगा पहिला अर्धा तास हिरमुसून बसला होता. शेवटी मुंबई सिटीच्या गोलकीपरने चेंडू अडवला की उठून किंचाळत होता. तिकीट विकून मोकळे झालेले मात्र दुसऱ्या दिवशी विचारत होते, काय मजा आली का? त्यांना आम्ही काहीही सांगितलं नाही.

आता एक न्यायाची गोष्ट. सगळी पापं तुमच्या माथी मारणं बरोबर नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात एफसी गोवाच्या गटातला, रोनाल्डोचा अल नासर फातोर्ड्याला आला. गोव्याने १-२ अशी चांगली लढत दिली, ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला. रोनाल्डो मात्र आलाच नाही. त्याचे दोन्ही गुडघे, तुमच्या दोन्ही भावंडांसह, ठणठणीत होते. म्हणजे मोठा माणूस यायचा राहायला तुम्हीच लागता असं नाही, हे तिथे सिद्ध झालं. मनाला लावून घेऊ नका.

नेमारचं पुढे काय झालं, हेही कळवतो, कारण तुम्ही तेव्हा कामावर नव्हता. तुमच्या जागी नवं बसवलं गेलं. वर्षभराने, २१ ऑक्टोबर २०२४ ला, तो अल ऐनविरुद्ध परत उतरला. दोन आठवड्यांत मांडीमागचा स्नायू धरून पुन्हा बाहेर. जानेवारी २०२५ मध्ये अल हिलालने हिशेब मिटवला. करार तुटेपर्यंत त्या संघाकडून त्याचे एकूण सामने झाले सात.

तुमच्या आवडीनिवडीही आम्हाला कळल्या आहेत. १७ ऑक्टोबर ही तारीख तुम्हाला विशेष प्रिय दिसते. २०२० साली त्याच दिवशी लिव्हरपूलच्या व्हॅन डाइकला तुम्ही घरी बसवलंत. २०२४ मध्ये रॉड्रीला गाठलंत आणि सव्वा महिन्याने तो कुबड्यांवर बॅलन डी'ऑर घ्यायला आला. बायकांवर तर तुमचा जास्तच डोळा. त्याच खेळात, तशाच मैदानावर, पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुम्ही त्यांच्या गुडघ्यात फाटता. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपला इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन आणि बेथ मीड या दोघी तुमच्याच कृपेने घरी होत्या. त्यांच्यासाठी मुंबईत कुणी रडल्याचं ऐकिवात नाही. त्यांच्या नावाची तिकिटं आम्ही काढली नव्हती ना.

हे सगळे मोठे लोक झाले. पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे.

आमच्या गल्लीत एक पोरगा आहे. मिडफिल्डला खेळतो, दिवसा बाइकवरून पार्सलं पोचवतो. लोअर परळला, पूर्वी जिथे गिरणी होती तिथे आता टर्फ आहे. रात्री अकरा ते बाराचा स्लॉट, दहा जणांनी पैसे काढायचे आणि पाच-पाच खेळायचं. हिरवं प्लास्टिकचं गवत, त्यात काळे रबराचे दाणे. ते मोज्यात जातात आणि घरी गेल्यावर मोरीत सापडतात. कबड्डीवाले सांगतात, मातीवर पाय सरकतो, मॅटवर अडकतो. इथेही तसंच. त्याने चेंडू घेऊन वळण घेतलं, अंग वळलं, बूट गवतात रुतलेला, तो वळला नाही. आतून कट् असा आवाज आला. तो त्याला ऐकू आला आणि पलीकडे उभ्या असलेल्या गोलकीपरलाही. अंगाला कुणाचा हातही लागला नव्हता. तुमची तीच तर खुबी, बहुतेक वेळा तुम्हाला समोर कुणी लागतच नाही. पण कुणी धक्का दिला नाही म्हटल्यावर बाकीचे काय म्हणाले असतील? म्हणाले, ऊठ रे नेमार!

उठला नाही, तेव्हा त्याला बगलेत धरून जाळीपाशी बसवला. स्लॉटची वीस मिनिटं उरली होती, पैसे भरलेले. चार विरुद्ध पाच असा खेळ पुढे चालू झाला. कोपऱ्यावरच्या लिंबू सरबतवाल्याकडून रुमालात बर्फ आणला गेला, तेवढी माणुसकी आमच्यात आहे. सकाळी गुडघा इतका सुजला की वाटी दिसेना. आजीने आंबेहळदीचा लेप दिला. मालिशवाल्याने नस चढलीये असं निदान करून ती उतरवायला दोन वेळा पिळून काढला. आणि मग तुम्ही तुमची खरी लबाडी केलीत : तीन आठवड्यांत सूज उतरली. सरळ चालताना काही दुखेना. पोरगा बाइकवर बसला, कामाला लागला. सगळे म्हणाले, बघ, उगाच घाबरलास.

मधून मधून चाळीचा जिना उतरताना गुडघा निसटायचा. कठडा धरायची सवय लागली. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला गर्दीत कुणीतरी हाक मारली म्हणून तो वळला आणि जागच्या जागी बसला. तेव्हा कुठे एका डॉक्टरने गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली, तर ती पुढे येतच राहिली. एमआरआय झाला. तुम्ही तर केव्हाच गेला होता, पण मधल्या काळात निसटून निसटून मेनिस्कसही चिरडलं होतं. नेमारचं सोळा दिवसांत ऑपरेशन झालं. आमच्या पोराचं निदान व्हायलाच पुढचे गणपती उजाडले. उपचार दोघांनाही तोच सांगितला : दुसरीकडची कंडरा काढून तुमच्या जागी बसवायची आणि पुढे किमान नऊ महिने व्यायाम. नऊ महिने बाइक नाही, म्हणजे पार्सल नाही, म्हणजे पगार नाही. तो अजून ठरवतोय.

ज्यांनी नेमारच्या तिकिटापायी दोन दिवस तोंड पाडलं होतं, तेच त्या रात्री त्या टर्फवर होते. मीसुद्धा. व्हॅन बास्टेनच्या घोट्यापासून कालच्या रॉड्रीपर्यंत सगळे गुडघे-घोटे तोंडपाठ असलेली माणसं आम्ही.

तुमच्यावर इलाज नाही असंही नाही, हे तुम्हाला कळू द्यावं म्हणतो. फिफाने फिफा ११ प्लस नावाचा वॉर्म-अप तयार केला आहे. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं. उडी मारून नीट कसं उतरायचं, वळताना गुडघा आत कसा पडू द्यायचा नाही, हे त्यात शिकवतात. आठवड्यातून दोनदा नेमाने केला तर तुमच्या उचापतींना चांगलाच आळा बसतो. फुकट आहे. फक्त एक तासाच्या स्लॉटमध्ये वीस मिनिटं नाचण्यात कोण घालवणार? एका मिनिटाला किती पडतात, हा हिशेब आमच्या पोरांना फिफापेक्षा चांगला येतो. परवा एकाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, काका, गेटबाहेर रस्त्यावर करतो ना. केला नाही.

तर आता कळावे. लोभ इतरत्र वाढवावा.

आपला,
अल हिलालचा एक तिकीटधारक,
लालबाग

ता. क. : येत्या रविवारी सकाळी परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर आमच्या पोरांचा सामना आहे. डाव्या बगलेला खेळणारा गडी फार वेगाने वळतो आणि वॉर्म-अपच्या वेळी वडापाव खात असतो. त्याचं नाव मी तुम्हाला मुद्दाम कळवत नाही.